‘पाटील’ आडनावाची घडण आणि प्रसार : मराठवाड्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

व्यवसायावरून अथवा अधिकारपदावरून पडलेली आडनावे जगातील अनेक भाषांत आढळतात. मराठी वाचकाला मॅक्स म्युलर हे नाव सुपरिचित आहे. त्यातील ‘म्युलर’चा अर्थ गिरणीवाला, दळून देणारा असा आहे, आणि जर्मनीत हेच आडनाव सर्वाधिक प्रमाणात आढळते. २०२१ ते २०२५ या काळात जर्मनीचे चॅन्सेलर असलेल्या ओलाफ शोल्त्स यांचे आडनाव आपल्याला याहूनही जवळचे आहे. ‘शुल्टहाइस’ या जुन्या पदनामापासून शुल्ट्स, शुल्त्से, शोल्त्स ही रूपे निर्माण झाली. देणे चुकते करण्याचा हुकूम देणारा, असा या पदनामाचा मूळ अर्थ होय. गावाच्या वतीने धन्याचे येणे वसूल करणारा आणि गावाचे तंटे पाहणारा हा ग्रामप्रमुख म्हणजे आपल्याकडील पाटीलच.

मराठवाड्यातील कोणत्याही महाविद्यालयाचे हजेरीपत्रक उघडले तर पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे, जोशी, पटवारी, इनामदार, नाईक, काझी ही नावे एकामागून एक भेटतात. ही सर्व आडनावे कधीकाळी कोणाच्या तरी कामाची अथवा हक्काची नावे होती. आज त्यांचा उपयोग बहुधा जात ओळखण्यासाठी केला जातो आणि तेथेच पुष्कळदा गफलत होते. प्रस्तुत लेखात ‘पाटील’ हे एकच आडनाव घेऊन ते पदनामापासून आडनाव कसे झाले, कोठे पसरले आणि कोठे पसरले नाही, याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्दाची पूर्वपीठिका

‘पाटील’ हा शब्द ‘पट्टकिल’ या रूपापासून आला असे मानले जाते. माळव्यातील परमारांच्या ताम्रपटांत हा शब्द गावच्या प्रमुखाच्या अर्थाने येतो. त्यापूर्वीच्या दख्खनच्या कोरीव लेखांत याच अधिकाऱ्यास ‘ग्रामकूट’ म्हटले आहे आणि त्याच्या वरच्या पायरीवर ‘राष्ट्रकूट’ म्हणजे प्रांताचा प्रमुख दिसतो. राष्ट्रकूट राजघराण्याचे नावही मुळात असे पदनामच असावे, असे प्रतिपादन डॉ. अ. स. अळतेकर यांच्यासारख्या इतिहासकारांनी केले आहे. हे राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, हे मतही सामान्यतः स्वीकारले गेले आहे.

हा दाखला येथे देण्याचे कारण केवळ स्थानाभिमान नव्हे. अधिकाराचे नाव आणि त्याला जोडलेले मूळ गावाचे नाव, ही रचना लातूर-नांदेडच्या वाचकास नवीन नाही. पाटील निलंगेकर, पाटील चाकूरकर ही नावे त्याच घाटाची आहेत. या रचनेमागील कारणाकडे पुढे वळू.

पद एकाचे, नाव अनेकांचे

पाटीलकी हे वतन होते. गावचा सारा वसूल करणे, पडीक जमिनीवर कुळे बसविणे, तंट्यात पंचांसह बसणे आणि सरकारदरबारी गावातर्फे उभे राहणे, ही पाटलाची कामे. त्याबद्दल त्यास इनाम जमीन, गावकऱ्यांकडून ठरावीक हक्क आणि पोळा, होळी यांसारख्या सणांत पहिला मान मिळे. वतनपत्रांवर पाटलाची निशाणी नांगराची असे. फारसी कागदांत यालाच ‘मुकद्दम’ व मराठी कागदांत ‘मोकदम’ म्हटले आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आले आहे.

वतन वंशपरंपरेने चाले, आणि आडनावाच्या प्रसाराची गुरुकिल्ली येथेच आहे. प्रत्यक्ष कारभार वडील शाखेतील एखादाच पुरुष पाही. परंतु वतन भाऊबंदांच्या समाईक मालकीचे असल्याने त्याचा मान सर्व शाखांना लागू होई. पाटलाचे चुलते, पुतणे, त्यांची मुले ही सर्वच ‘पाटील’ ठरत. पद एकच राही, नाव मात्र वंशविस्ताराबरोबर वाढत जाई. शिवाय कर्जामुळे वा दुष्काळामुळे पाटीलकीचा हिस्सा विकलाही जाई. मग एकाच गावात दोन वेगळ्या कुळांची पाटील घराणी नांदत. म्हणजेच ‘पाटील’ हे आडनाव पूर्वजाने ते काम केले होते एवढेच सांगत नाही. त्या कामाच्या हक्कात त्याचा वाटा होता, असे सांगते.

वतनदाराचे स्वतःचे कुळनाव अर्थातच शिल्लक असे. कदम, जाधव, पवार, शिंदे ही कुळनामे सोयरीक जुळविताना आजही विचारली जातात. महादजी शिंदे उत्तरेत सर्वसत्ताधीश झाल्यावरही स्वतःस पाटील म्हणवून घेण्यात धन्यता मानीत, हे प्रसिद्धच आहे. शिंदे हे त्यांचे कुळ, पाटीलकी हा त्यांचा हक्क. सामान्य घराण्यांत मात्र शाळेच्या दाखल्यावर आणि जमिनीच्या कागदावर एकच आडनाव लिहिण्याची वेळ आली तेव्हा दोहोंपैकी एक निवडावे लागले. ज्यांनी मान निवडला ते पाटील झाले. ज्यांनी कूळ निवडले ते कदम वा जाधव राहिले. एकाच भावकीत दोन आडनावे का आढळतात, याचा उलगडा अनेकदा येथे होतो. जर्मनीतही म्युलर व शुल्ट्स ही नावे मध्ययुगात रूढ झाली असली, तरी संपूर्ण देशासाठी समान नागरी नोंदणी १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. आडनाव स्थिर होण्यात नोंदवहीचा वाटा सर्वत्रच मोठा आहे.

‘कर’ प्रत्ययाची गरज

नाव हे वेगळेपण दाखविण्यासाठी असते. गिरणीवाला गावात एकच असे, म्हणून ‘म्युलर’ हे नाव गावापुरते पुरेसे होते. पाटीलही गावात एकच असल्याने गावाच्या वेशीच्या आत ‘पाटील’ म्हटले की काम भागे. परंतु तालुक्याच्या बाजारात, कचेरीत वा निवडणुकीच्या राजकारणात शेकडो गावचे पाटील एकत्र आले, की ही ओळख अपुरी पडू लागते. मग गावाचे नाव पुढे जोडले जाते. १९८५-८६ मध्ये मुख्यमंत्री असलेले शिवाजीराव पाटील निलंगेकर, १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्ष असलेले शिवराज पाटील चाकूरकर, नांदेडचे माजी खासदार भास्करराव पाटील खतगावकर ही सर्वपरिचित उदाहरणे होत.

याच जिल्ह्यांतील ‘देशमुख’ आडनावास असा जोड तुलनेने कमी लागतो. देशमुखी परगण्याची, म्हणजे अनेक गावांच्या समूहाची असल्याने देशमुख घराणी मुळातच विरळ होती. आडनावाची दाटी ही अशा रीतीने जुन्या प्रशासनाच्या पायऱ्यांची मोजपट्टी ठरते.

सुतार, लोहार, कुंभार या नावांची गोष्ट थोडी निराळी आहे. जर्मनीत लोहाराचा धंदा कोणत्याही कुटुंबाकडे जाऊ शके. आपल्याकडे तो जातीकडे होता. ज्या समाजात सर्वच सुतार, तेथे ‘सुतार’ हे नाव आपसांत वेगळेपण दाखवू शकत नाही. म्हणून या समाजांत अंतर्गत ओळखीसाठी वेगळी कुळनामे वा गावनामे टिकून राहिली आणि व्यवसायनाम प्रामुख्याने बाहेरच्यांनी वापरले.

प्रसाराचा नकाशा

‘पाटील’ आडनाव खानदेश, देश, मराठवाडा, विदर्भ, आगरी-कोळी वस्तीचा उत्तर कोकण आणि उत्तर कर्नाटक येथे विपुल आहे. दक्षिण कोकणात गावचा वसूल खोताकडे असल्याने तेथे ‘खोत’ आडनाव भेटते. गोव्यात गावकारीची संस्था होती. तेथे ‘गावकर’ आढळते. कानडी मुलखात ‘गौडा’ आणि गुजरातेत ‘पटेल’ ही त्याच अर्थाची नावे होत. जर्मनीतही असेच आहे. उत्तरेकडे शुल्ट्स, सायलेशियाकडे शोल्त्स, नैर्ऋत्येकडे शुल्टहाइस अशी एकाच शब्दाची रूपे प्रदेशपरत्वे वाटली गेली आहेत.

मराठवाड्याचा विशेष असा, की येथे निजामी राजवटीचा एक थर वर चढला. हैदराबाद संस्थानात गावच्या कारभारासाठी माली पटेल, पोलीस पटेल आणि पटवारी असे तीन कामदार होते. यांतील ‘माली’ हा शब्द ‘माल’ म्हणजे महसूल यावरून आला आहे. माळी समाजाशी त्याचा संबंध नाही. जुनी कागदपत्रे वाचताना ही चूक सहज घडते. कलबुर्गी, रायचूर या पूर्वीच्या संस्थानी भागात ‘मालीपाटील’ व ‘पोलीसपाटील’ अशी आडनावेच रूढ झाली. मराठवाड्यात ‘कुलकर्णी’च्या बरोबरीने ‘पटवारी’ हे आडनाव भेटते, तेही याच थराचे चिन्ह होय.

इस्लापूर : पद आहे, आडनाव नाही

पद असले म्हणजे आडनाव निर्माण होतेच काय? या प्रश्नाचे उत्तर इस्लापूर परिसरात मिळते. पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्याजवळचा हा भाग १९५६ पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेच्या वेळी बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल आणि किनवट तालुका मराठी भाषकांच्या बाजूस आले. मराठी, तेलुगू, गोंडी आणि बंजारा अशा चार भाषा येथे शेजारी नांदतात.

गोंडांच्या गावप्रमुखास ‘पाटला’ म्हणतात. आदिलाबादच्या राजगोंडांचा १९४० च्या दशकात अभ्यास करणारे मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनीही हाच शब्द नोंदविला आहे. म्हणजे मराठी पदनाम गोंडी समाजात गेले. परंतु तेथे ते आडनाव झाले नाही. देवसंख्येवर आधारलेली कुळव्यवस्था आणि आत्राम, मडावी यांसारखी कुळनामे गोंडांत विवाहाचे नियम ठरवितात. ती जागा रिकामी नसल्याने ‘पाटला’ हे पदच राहिले.

तेलुगू समाजात प्रत्येक घराण्यास ‘इंटिपेरु’ म्हणजे घरनाव असते व ते व्यक्तिनामाच्या आधी येते. त्यामुळे तेलंगणात देशमुख हे मोठे जमीनदार असूनही ‘देशमुख’ ही बहुधा पदवीच राहिली. तेथील पटेल-पटवारी व्यवस्था १९८४ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने मोडीत काढली. पद गेले आणि त्याबरोबर ते नावही बहुतांशी विरून गेले.

बंजारा समाज या दोहोंच्या मध्ये आहे. तांड्याच्या प्रमुखास नाईक म्हणतात. राठोड, पवार, चव्हाण, आडे ही मात्र कुळनामे होत. बहुतेक कुटुंबांनी कुळनाम ठेवले, काही नाईक घराण्यांनी पदनाम घेतले. पैनगंगेपलीकडील पुसदजवळच्या गहुलीचे, १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे त्याचे ठळक उदाहरण. एकाच परिसरातील या तीन समाजांची तुलना केली असता असे दिसते, की आडनावाची जागा आधीच भक्कम भरलेली असेल तर पदनाम तेथे शिरत नाही.

आडनाव आणि जात

‘पाटील’ म्हणजे अमुक जात, असे समीकरण मांडण्याची सवय महाविद्यालयीन वर्तुळातही दिसते. वस्तुतः पाटीलकी मराठा, लिंगायत, जैन, कोळी, आगरी, मुस्लिम अशा अनेक समाजांकडे होती. वर उल्लेखिलेले निलंगेकर व चाकूरकर हे एकाच जिल्ह्यातील दोन पाटील. पहिले मराठा समाजातील, दुसरे लिंगायत समाजातील. ‘देशमुख’ आडनावाचेही तसेच आहे.

आज या प्रश्नास तातडीचे रूप आले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि निजामकालीन दस्तऐवजांतील कुणबी नोंदींचा शोध मराठवाड्यात सुरू झाला. तेव्हापासून अनेक कुटुंबे जुने उर्दू व मोडी कागद घेऊन जाणकारांकडे जाऊ लागली. या कागदांत ‘पटेल’, ‘मोकदम’, ‘पटवारी’ हे शब्द हुद्द्याचे आहेत. त्यांना आडनाव समजणे अथवा जात समजणे, या दोन्ही वाचनांनी एखाद्या विद्यार्थ्याचे हित धोक्यात येऊ शकते. इतिहास, मराठी आणि उर्दू या विषयांच्या प्राध्यापकांवर येथे विशेष जबाबदारी येते.

समारोप

१९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रात महसुली पाटलाचे पद रद्द झाले. पोलीस पाटलाची नेमणूक १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार होऊ लागली आणि तिचा वंशपरंपरेशी संबंध उरला नाही. आज अनेक गावांत पोलीस पाटील म्हणून स्त्रिया काम करतात आणि सर्व समाजांतील व्यक्ती या पदावर येतात. ज्याचे आडनाव पाटील आहे त्याच्याकडे पाटीलकी नाही आणि ज्याच्याकडे पोलीस पाटीलकी आहे त्याचे आडनाव पाटील असेलच असे नाही. पद आणि नाव यांची ही पुरती फारकत होय.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. ‘पाटील’ हे आडनाव कामापेक्षा कामाच्या वंशपरंपरागत हक्कातून पसरले. त्याच्या प्रसाराच्या सीमा बव्हंशी जुन्या महसूल व्यवस्थेच्या सीमा आहेत. आणि जेथे कुळनामाची परंपरा समाजजीवनाचा आधार होती तेथे ते पदच राहिले. महाविद्यालयांच्या प्रवेश नोंदवह्या, गावोगावचे सातबारा उतारे आणि मतदार याद्या यांच्या आधारे आपापल्या तालुक्यातील पदनामांचा नकाशा तयार करणे, हा पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प ठरू शकेल. मात्र त्यात गाव, कूळ, आडनाव आणि घराण्याकडील वतन असे चार स्वतंत्र रकाने ठेवावेत. एका रकान्यातील माहितीवरून दुसरा भरण्याचा मोह टाळला, तरच त्या नकाशास अभ्यासाचे मोल येईल.