शॉकअप बदला, तेही जोडीनं!

बोनस आला की गाडीला काय घेता? म्युझिक सिस्टिम, अलॉय व्हील्स, नवी सीट कव्हर्स? थांबा! आधी बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन गाडी स्थिरावली तर उत्तम. डोलतच राहिली तर शॉकअप गेले, बॉस!

माझ्याकडे जुनी इंडिगो मरीना आहे, २००४ साली आलेली स्टेशन वॅगन. तिच्या डिकीत आईची व्हीलचेअर बसते, म्हणून ती विकायची नाही. पण हल्ली प्रत्येक स्पीडब्रेकरनंतर गाडी झोके घ्यायची आणि आई मुकाट्यानं वरचं हँडल घट्ट धरायची.

हा खर्च फक्त आरामासाठी नाही. गाडीचं वजन पेलते स्प्रिंग, तिचं उसळणं आवरतो शॉकअप. त्यातलं तेल गळलं की टायर रस्त्यावर नीट टेकत नाही. मग ब्रेक नवेकोरे असले, तरी गाडी थांबायला जास्त अंतर घेते. पावसात तर विचारूच नका!

पुढच्या चाकांना असतो स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र. दाबलेली स्प्रिंग सटकली तर हाडं मोडतील, त्यामुळे घरच्या घरी प्रयोग नकोत. एकच खराब असला, तरी डावा-उजवा दोन्ही बदला. वरचं माउंटिंग तपासून घ्या. आणि शेवटी व्हील अलाइनमेंट मस्ट, नाहीतर नवे टायर वर्षभरात एका बाजूनं झिजतील.

म्युझिक सिस्टिम? पुढच्या बोनसला!