शिंपल्याच्या दाढीचं रेशीम

गोव्यात शिणाणे साफ करणाऱ्या बाईला एक काम हमखास करावं लागतं. शिंपल्याच्या फटीतून बाहेर आलेला तंतूंचा झुबका चिमटीत धरायचा आणि हिसका देऊन उपटून टाकायचा. खडकाला धरून राहण्यासाठी त्या जिवाने स्वतः काढलेला हा धागा. आपल्याकडे तो कालवणात येऊ नये एवढीच काळजी घेतात. भूमध्य समुद्राच्या काठी मात्र अशाच झुबक्यातून माणसांनी हातमोजे विणले, टोप्या विणल्या, कशिदा भरला. समुद्री रेशीम म्हणतात ते हेच.

ते देणारा शिंपला म्हणजे पिना नोबिलिस. हा फक्त भूमध्य समुद्रातच सापडतो. आकार अर्धवट मिटलेल्या पंख्यासारखा, आणि पूर्ण वाढला तर उंची 120 सेंटिमीटरपर्यंत. समुद्री गवताच्या कुरणात टोकाकडून वाळूत रुतून तो उभा असतो आणि खाली त्याच्या तंतूंनी मुळं, खडे पकडून ठेवलेले असतात. शिंपल्याच्या पोटात एखादा चिमुकला खेकडा किंवा कोळंबी बिऱ्हाड करून राहते. ॲरिस्टॉटलने या पाहुण्याची दखल घेतली आणि त्याला पिनाचा पहारेकरीच ठरवून टाकलं.

झुबका निघतो तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही. वाळू, शेवाळ, शिंपल्यांचे कण, सगळा गुंता. तो आधी खाऱ्या आणि मग गोड्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुतात, सावलीत वाळवतात, बोटांनी एकेक कचरा वेचतात. मग बारीक दातांच्या फणीने पिंजायचं. यात निम्म्याहून अधिक माल गळून जातो. हजारेक शिंपल्यांमागे हाती येतं ते जेमतेम दोन-तीनशे ग्रॅम. उरलेले तलम तंतू छोट्या लाकडी टकळीवर कातायचे, पीळ द्यायचा आणि धागा लिंबाच्या रसात बुडवायचा. तोवर मातकट तपकिरी दिसणारा धागा लिंबातून निघाला आणि उजेडात धरला, की सोन्यासारखा चमकतो.

ही चमक रंगाची नाही. दक्षिण कोरियातल्या पोस्टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2025 मध्ये तिचा उलगडा केला. तंतूच्या आत प्रथिनाचे अतिसूक्ष्म गोळे थरांवर थर रचून बसलेले असतात आणि त्या रचनेवरून प्रकाश परततो तो सोनेरी होऊन. रंगद्रव्यच नाही, तर विटणार काय? पॅरिसजवळच्या सेंट डेनिस इथे 1978 मध्ये उत्खननात चौदाव्या शतकातली एक विणलेली टोपी मिळाली, ती याच धाग्याची. कापड कुजवणाऱ्या मातीतून ती सहाशे वर्षांनी वर आली.

या कलेभोवती दंतकथांची खोगीरभरती फार. ग्रीक पुराणकथेतल्या जेसनची सोनेरी लोकर याचीच, अमक्या राजाचा झगा याचाच, अशी विधानं सर्रास केली जातात आणि पुरावा विचारला की विषय बदलतो. खऱ्या नोंदी यापेक्षा रंजक आहेत. इसवी सन 301 मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशनने वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले, त्या यादीत समुद्री लोकर आहे. चिनी बखरकारांनी पश्चिमेकडच्या एका कापडाबद्दल ऐकलं आणि ते 'पाणमेंढी'च्या लवीपासून करतात असं लिहून ठेवलं. भा. रा. भागवतांमुळे मराठी मुलांच्या ओळखीचा झालेला ज्यूल व्हर्न तर कॅप्टन निमोच्या माणसांना याच तंतूंचे कपडे घालतो.

कादंबरीत ते ठीक आहे. प्रत्यक्षात एवढ्या लोकांना पुरेल इतका माल कधी निघालाच नाही. आज जगभरच्या संग्रहालयांत मिळून याच्या काही डझनच वस्तू आहेत आणि त्यांत हातमोजे बरेच. मला वाटतं, हा धागा खऱ्या अर्थाने बाजारात कधी उतरलाच नाही, तो देण्याघेण्यातच जगला. तारांतोचा आर्चबिशप ज्युझेप्पे कापेचेलात्रो अठराव्या शतकाच्या अखेरीस बड्या पाहुण्यांना याच्या वस्तू भेट देई. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनने 1804 मध्ये आपली प्रेयसी एमा हॅमिल्टन हिला सार्डिनियातले असेच हातमोजे पाठवले. ज्याला मिळाले त्याने ते घातले नसावेत, जपून ठेवले असावेत. म्हणून तर ते उरले.

सार्डिनियाच्या नैर्ऋत्येला सांतान्तिओको नावाचं बेट आहे. तिथे इतालो डियाना या माणसाने 1920च्या दशकात विणकामशाळा चालवली आणि गावातल्या मुलींना हे काम शिकवलं. त्यांतली एक एफिझिया मुर्रोनी. ती 1913 ते 2013 अशी शंभर वर्षं जगली आणि तिच्याकडून हा हात पेस आडनावाच्या दोन बहिणींकडे आला. फणीचा दाब किती, पीळ कुठे थांबवायचा, हे शेजारी बसून, बघून उचलायचं असतं.

शिकणारे आहेत, पण धागा संपला. युरोपीय संघाने 1992 मध्ये पिनाला संरक्षण दिलं, तेव्हापासून तो काढणं बेकायदा आहे. उरला तो जुना साठा. पुढचा घाव माणसाच्या कायद्याने अडणारा नव्हता. 2016च्या शरदात स्पेनच्या किनाऱ्यावर पिना मरायला लागले. हॅप्लोस्पोरिडियम पिने हा सूक्ष्म परजीवी त्यांच्या पचनग्रंथीत शिरत होता. दोन-तीन वर्षांत साथ इटली, ग्रीस, तुर्कस्तानपर्यंत गेली. काही ठिकाणी शंभरातला एकही वाचला नाही. 2019 मध्ये पिनाची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाली. जगले ते प्रामुख्याने खाजणांत, जिथे पाणी समुद्रापेक्षा बरंच कमी किंवा बरंच जास्त खारट असतं आणि परजीवीला मानवत नाही. स्पेनमधलं मार मेनोर हे असंच एक खाजण. तिथे शेतांतली खतं वाहून येतात आणि 2019 मध्ये पाण्यातला प्राणवायू संपून माशांचा खच किनाऱ्यावर पडला होता. आसरा म्हणायचा तो असा.

पोस्टेकच्या संशोधकांनी वापरलेला धागा पिनाचा नव्हताच. पिनाचा एक भाऊबंद, ॲट्रिना पेक्टिनाटा, कोरियात खाण्यासाठी वाढवतात आणि त्याची दाढी फेकून देतात. त्यांनी ती उचलली आणि तिचं सोनेरी रेशीम केलं. माझं मत विचाराल, तर हा धागा सांतान्तिओकोच्या टकळीवर एकदा चढवून बघावा. हे अस्सल नव्हे म्हणून नाकं मुरडणारे निघतीलच. पण अस्सल धाग्याचा मालक सध्या कोणाला काही द्यायच्या स्थितीत नाही.