मूळकुजीच्या नावाखाली मित्राचा बळी

ढाणकी परिसरात तुरीला मर लागो, की विदर्भातल्या एखाद्या बागेत संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळो, सल्ला ठरलेला: “मुळाशी बुरशी आली, कार्बेन्डाझिमची आळवणी करा.” रोग कोणता, हे कुणी विचारतच नाही.

गैरसमज : मातीतली बुरशी म्हणजे रोग.

वस्तुस्थिती : बहुतेक झाडं बुरशीच्या सोबतीनेच जगतात. या सोबतीला ‘मायकोरायझा’ हे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट फ्रँक यांनी १८८५ साली दिलं. तूर, कापूस, संत्रा, पैनगंगेच्या जंगलातला साग, सगळ्यांच्या मुळांत ती असते. केशमुळं पोचत नाहीत तिथून बुरशीचे तंतू स्फुरद आणतात. झाड त्यांना अन्न पुरवतं. कोवळं मूळ कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात उकळून, शाई-व्हिनेगरने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पेशीपेशीत बारीक फांद्यांची झुडपं दिसतील. देवाणघेवाण तिथेच चालते.

शंका असेल त्यांनी अमेरिकेतला अनुभव पाहावा. तिथे लिंबूवर्गीय रोपवाटिकांची माती रोगाच्या भीतीने धुरी देऊन निर्जंतुक केली जाई, आणि रोपं खुरटत. मातीतून ही बुरशीच नाहीशी झाल्याने तसं होतं, हे क्लाइनश्मिट आणि गर्डेमन यांनी १९७२ साली दाखवून दिलं.

ही मित्रबुरशी झाडाला रोगापासून संरक्षणही देते, तेही अनेक वाटांनी. मुळातली जागा आणि अन्न मित्रबुरशीने आधीच घेतलेलं असतं. पोसलेलं झाड कुजलेल्या मुळांच्या जागी नवी मुळं फोडतं. लिंबूवर्गीय झाडांत मोठा वाटा या स्फुरदपोषणाचाच, असं डेव्हिस आणि मेंगे यांच्या १९८० च्या प्रयोगांतून दिसलं. शिवाय झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते. फ्रान्समध्ये टोमॅटोवर झालेल्या १९९८ च्या अभ्यासात, जिथे मित्रबुरशी पोचलीच नव्हती त्या मुळांतही मूळकूज करणारा फायटोफ्थोरा कमी आढळला.

आता त्या आळवणीचं बघा. संत्र्याचा डिंक्या करणारा फायटोफ्थोरा खरी बुरशी नाहीच. तो शेवाळांच्या एका कुळाला जवळचा आहे. कार्बेन्डाझिम त्याच्यावर चालत नाही, मात्र मायकोरायझाचं काम ते रोखतं. म्हणजे पैसे मोजून शत्रू जिवंत ठेवायचा आणि मित्र मारायचा! हे वर्षानुवर्षं का चालू द्यायचं?

थोडक्यात आणखी काही गैरसमज

*ट्रायकोडर्मा आणि मायकोरायझा एकच.* नाही. ट्रायकोडर्मा शेणखतावर वाढतो. मायकोरायझाला जिवंत मूळच लागतं.

*शेणखतावरची पांढरी बुरशी म्हणजे मायकोरायझा.* नाही. मुळातली ही बुरशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

*डीएपी वाढवलं की ही मित्रबुरशीही वाढते.* उलट आहे. स्फुरद आयता मिळाला की झाड तिला मुळात फारसा थारा देत नाही.

*सगळ्या पिकांना चालते.* कोबी, मोहरी, पालक यांना नाही.

*मरणारं झाड ती वाचवते.* नाही. ती रोगावरचं औषध नव्हे. लागवडीच्या वेळीच मुळाशी द्यावी लागते, आणि पाणी साचणाऱ्या जमिनीत निचऱ्याला पर्याय नाहीच.

रोगट झाडाचं मूळ आणि माती कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, रोगाचं नाव विचारा आणि त्यावर चालणारंच औषध घ्या. नाव कळेपर्यंत आळवणीचा पंप खाली ठेवा.