फिल्टर बसवणं सोपं, मिक्श्चर जुळवणं हाच खरा धंदा

गॅरेज टाकायचं ठरवलंय, तर एक गिऱ्हाईक तुमच्याकडे येणारच. हातात ऑनलाइन मागवलेला कोन फिल्टर आणि तोंडात एकच वाक्य: "दादा, एवढा बसवून द्या, पिकअप वाढला पाहिजे."

मीही सुरुवातीला असाच एक बसवून दिला होता. वीस मिनिटांचं काम, दीडशे रुपये मजुरी. आवाज दमदार झाला, पोरगा खूश. दहा-बारा दिवसांनी तीच गाडी टेम्पोत घालून आली. हायवेवर ताणली होती, पिस्टन धरला होता. चूक माझी होती, म्हणून दुरुस्ती मी पदरच्या पैशाने केली. दीडशे रुपये कमावले आणि महिन्याचा नफा घालवला.

असं का झालं? पेट्रोल नीट जळायला वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. एअरबॉक्स काढून उघडा फिल्टर लावला की हवा मोकळी येते, पण कार्बोरेटरचे जेट जुनेच राहतात. पेट्रोल कमी पडतं. याला म्हणायचं 'लीन' मिक्श्चर. इंजिन जास्त तापतं, आणि फुल रेसवर धोका सगळ्यात मोठा. उलट पेट्रोल जास्त झालं की 'रिच': काळा धूर, काळा प्लग, मायलेज खाली.

म्हणून पहिला सल्ला: गिऱ्हाइकाला आधी साधा पर्याय सांगा. कंपनीच्याच डब्यात बसणारा चांगला पॅनल फिल्टर घातला तर सहसा जेटला हात लावावा लागत नाही. उघडा कोन आपल्याकडच्या धुळीत लवकर भरतो आणि पावसाळ्यात पाणी ओढू शकतो, हेही स्पष्ट सांगा.

तरीही कोनच हवा असेल, तर काम या क्रमाने करा:

१. आधी गळती बघा. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबराजवळ कार्ब क्लीनर थोडा मारा. इंजिन गरम असतं, आग लागू शकते, म्हणून हात राखून. रेस बदलली तर रबराला चीर आहे. ती आधी बंद करा, नाहीतर पुढचं सगळं फुकट.

२. मेन जेट. पाऊण ते फुल रेस याच्यावर चालते. थोडा मोठा जेट घालून सुरुवात करा आणि मग खाली या. रिचकडून लीनकडे येणं सुरक्षित, उलटं नाही.

३. नीडल. पाव ते पाऊण रेस हिच्याकडे. क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर उचलते आणि पेट्रोल वाढतं.

४. स्लो मिक्श्चरचा स्क्रू. इंजिन गरम असतानाच लावा. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की लीन. इंजिनच्या बाजूला असेल तर सहसा पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच. हे न बघता फिरवणारे मेकॅनिक खूप आहेत, तुम्ही त्यातले होऊ नका.

आता तपासणी. नवा प्लग घाला, मोकळ्या जागी चालवा, इंजिन बंद करून प्लग काढा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक, पांढरा म्हणजे लीन, काजळीने काळा म्हणजे रिच. गाडी अडखळते त्या रेसवर चोक किंचित ओढून बघा. सुधारली तर तिथे पेट्रोल कमी पडतंय, बिघडली तर जास्त आहे. शेवटी पीयूसी काढा. स्लोवर सीओ किती येतो ते कागदावरच मिळतं.

इंजेक्शनच्या गाड्यांचं काय? एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक बाइक इंजेक्शनवर गेल्या. ऑक्सिजन सेन्सर मिक्श्चर थोडंफार सांभाळतो, पण फुल रेसवर ईसीयू मुख्यतः ठरलेल्या मॅपवर चालतो. मॅप बदलायचं साधन आणि शिक्षण तुमच्याकडे नसेल तर ते काम घेऊच नका. शिवाय वॉरंटी जाऊ शकते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

आता हिशोब. 'फिल्टर बसवणे' असं बिल कधीच फाडू नका. फिल्टर, जेट, प्लग, मजुरी, ट्रायल हे सगळं मिळून एकच दर सांगा. जॉब कार्डावर जुन्या आणि नव्या जेटचा नंबर, स्क्रूचे फेरे आणि प्लगचा फोटो ठेवा. काढलेले पार्ट पिशवीत घालून परत द्या. दोनशे किलोमीटरनंतर फोन करून गाडी परत बोलवा.

दर ऐकून काही गिऱ्हाइकं निघून जातील. जाऊ द्या. शेजारचा दीडशेत बसवून देईल, पण गाडी बिघडली की तोच माणूस तुमचं दुकान शोधत येईल.

तुमच्या दुकानात तुम्ही या कामाचा दर कसा ठरवाल? वहीत मांडून बघा आणि व्हिडिओखाली नक्की लिहा.