मोफत वकील मिळायला अर्ज लागतो?

रिमांडच्या वेळी न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार? वकील आहे का?" आरोपी नुसती मान हलवतो. बाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांची समजूत अशी, की आधी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढायचा, मग अर्ज, मग जमलं तर वकील.

हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अटच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार महिला, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमातींनाही नाही. इतर बहुतेकांसाठी महाराष्ट्रात वार्षिक 3 लाखांची मर्यादा आहे. तिथंही सहसा प्रतिज्ञापत्र पुरतं.

अर्जाचं काय? अरुणाचल प्रदेशातल्या सुक दास यांना वकिलाविनाच दोन वर्षांची शिक्षा झाली. गुवाहाटी उच्च न्यायालय म्हणालं, त्यांनी वकील मागितलाच नव्हता. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली: ज्याला हक्कच माहीत नाही तो मागणार कसा? कसाब खटल्याच्या 2012 च्या निकालानं तर हा हक्क आरोपीला सांगणं दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य ठरवलं. चुकल्यास खातेनिहाय कारवाई.

दुसरा घोळ सरकारी वकिलाचा. तो आरोपीचा नव्हे, फिर्यादी पक्षाचा असतो. बचावाची बाजू पाहतं जिल्ह्यातलं लोकअभिरक्षक कार्यालय. तिथले वकील पूर्णवेळ असतात, त्यांना खासगी प्रॅक्टिस करता येत नाही, आणि प्रमुखाला किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो.

'फुकटचा वकील नावापुरता' हे मात्र निव्वळ गैरसमज म्हणून झटकता येत नाही. मध्य प्रदेशातल्या अनोखीलाल खटल्यात वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले, दोन आठवड्यांच्या आत खटला संपला आणि फाशीची शिक्षा झाली! 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. फाशी-जन्मठेपेच्या खटल्यात वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव आणि तयारीला साधारण सात दिवस हवेत, असंही बजावलं.

शिक्षा झाली की मदत संपते, हेही खरं नाही. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र या 1978 च्या निकालापासून कैद्याला निकालपत्राची प्रत मोफत मिळते आणि अपिलासाठी वकीलही.

घरातलं कुणी अटकेत असेल तर दाखल्यासाठी खेटे घालू नका. 15100 वर फोन करा, किंवा थेट तालुका विधी सेवा समिती गाठा.