अंगणातील फुलझाडाची निवड

सुरतेच्या उधना, लिंबायत भागांत अनेक मराठी कुटुंबे राहतात. तेथे भिंतीच्या आडोशाला फुलझाड लावताना केवळ शोभा पाहून चालत नाही. पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, सहज वाढते. परंतु तिच्या बियांतील विष हृदयाची गती बिघडविते. म्हणून घराच्या वा शाळेच्या अंगणात ती लावू नये. त्याऐवजी पारिजातक निवडावा. तो छाटणी सोसतो व ३ ते ४ मीटर उंचीवर राखता येतो. काळ्या चिकण जमिनीत मुळाशी साचलेले पाणी मात्र त्यास मानवत नाही. यास्तव ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा शेणखत आणि मातीने भरून, वर उंचवटा करून, पहिल्या पावसानंतर रोप लावावे. पहाटे पडलेला फुलांचा सडा मुलांनी निर्धास्तपणे वेचावा.