नाष्ट्यातली प्रथिनं : आच, आंबवण आणि जोडी

तूर, हरभरा आणि सोयाबीन ही लातूरच्या बाजारपेठेची ओळख. इथल्या डाळ गिरण्यांमधून निघालेली तूरडाळ देशभर जाते. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. सोयाबीनचं तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीत प्रथिनांचं प्रमाण 45 टक्क्यांच्या आसपास असतं आणि ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. थोडक्यात, प्रथिनं पिकवण्यात हा भाग कुठेही कमी नाही.

आता याच शहरातलं सकाळचं ताट पाहू. ‘लातूर पॅटर्न’च्या नावानं गावोगावची मुलं इथं शिकायला येतात, खोली करून किंवा वसतिगृहात राहतात. पहाटे उठून शिकवणीला जाताना वाटेत पोह्यांची प्लेट आणि चहा होतो. कोरड्या पोह्यांमध्ये शंभर ग्रॅममागे साधारण साडेसात ग्रॅम प्रथिनं असतात. एका प्लेटला साठ ग्रॅम पोहे लागतात असं धरलं, तर पोह्यांतून साडेचार ग्रॅम आणि वरच्या मूठभराहून कमी शेंगदाण्यांतून दोन-अडीच, असे एकूण सातएक ग्रॅम होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम चांगल्या दर्जाची प्रथिनं हवीत. आहार मुख्यतः धान्यावरच असेल, तर हा आकडा किलोमागे एक ग्रॅमच्या घरात जातो. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ते साठ ग्रॅम. त्यातले सातच सकाळी पोटात गेले, की बाकीचा सगळा भार दुपार-रात्रीच्या जेवणावर पडतो.

हा आकडा वाढवण्यासाठी पावडरचा डबा आणायची गरज नाही. नांदेड-लातूरच्या स्वयंपाकघरात जे पदार्थ आधीपासून आहेत, त्यांतच ती सोय आहे. फक्त कशात किती ग्रॅम प्रथिनं आहेत, एवढं पाहून भागत नाही. त्यातली अंगी किती लागतात, हे तीन गोष्टींवर ठरतं: पदार्थाला लागलेली आच, त्याचं आंबवणं आणि त्याच्या जोडीला काय आहे.

आचेचं काम

कडधान्यं ही झाडाची बी. ती कुणी खाऊन फस्त करू नये म्हणून निसर्गानं त्यांत काही रसायनं ठेवली आहेत. त्यांतली महत्त्वाची म्हणजे ट्रिप्सिन-रोधक प्रथिनं. ट्रिप्सिन हे आपल्या लहान आतड्यात प्रथिनांचे तुकडे करणारं विकर. हे रोधक त्याला जाऊन चिकटतात आणि त्याचं काम थांबवतात. खाल्लेली प्रथिनं मग अर्धवट पचून पुढे सरकतात. 1917 मध्ये ऑसबोर्न आणि मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी उंदरांना कच्चं सोयाबीन खाऊ घातलं, तेव्हा त्यांची वाढ खुंटली. तेच सोयाबीन शिजवून दिल्यावर उंदीर नीट वाढले. त्यामागचा रोधक शुद्ध रूपात वेगळा व्हायला 1940 चं दशक उजाडलं.

ओलसर उष्णतेत या रोधकांची घडी विस्कटते आणि ते निकामी होतात. ज्या प्रथिनांना आपल्याला पचवायचं आहे, त्यांचीही घडी उलगडते आणि विकरांना आत शिरायला वाट मिळते. अंड्याचं उदाहरण बोलकं आहे. बेल्जियममधल्या संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातली सुमारे 91 टक्के प्रथिनं पचलेली दिसली, कच्च्या अंड्यातली जेमतेम 51 टक्के. दुधात कच्चं अंडं फोडून पिणाऱ्या पैलवानानं हा आकडा लक्षात ठेवावा. मोड आलेली मटकी कच्चीच खाणाऱ्यांनाही हेच सांगावं लागेल. मोड आल्यावर मटकीतलं फायटिक आम्ल कमी होतं आणि लोह-जस्त शोषायला मदत होते हे खरं, पण वाफेवर शिजवून तिची गरम उसळ केली तर ती पचायलाही सोपी जाते आणि ओलाव्यात वाढलेल्या जंतूंचाही प्रश्न मिटतो.

सोयाबीनच्या बाबतीत आच आणखी एक काम करते. सोयाबीन पिकवणाऱ्या घरातही ते ताटात फारसं दिसत नाही, कारण त्याचा उग्र वास. हा वास दाण्यात तयार नसतो. दाणा दळला किंवा फुटला, की त्यातलं लायपॉक्सिजिनेज नावाचं विकर ओलाव्यात तेलाशी गाठ पडून तो वास निर्माण करतं. म्हणून दळण्याआधीच या विकराला गप्प करायचं. पाण्याला खळखळून उकळी आणायची, त्यात सोयाबीनची डाळ टाकायची, अर्धा तास उकळू द्यायची. पाणी टाकून द्यायचं, डाळ उन्हात कडकडीत वाळवायची आणि मग दळायला न्यायची. दहा किलो ज्वारीमागे असं एक किलो सोयाबीन घातलं, तर एका भाकरीत दीड-दोन ग्रॅम प्रथिनांची भर पडते आणि चव फारशी बदलत नाही.

ज्वारीची उलटी तऱ्हा

आचेनं सगळंच सोपं होतं असं मात्र नाही. मराठवाड्याचं मुख्य धान्य याला अपवाद आहे. ज्वारीत दहा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे तांदळापेक्षा जास्त. पण त्यांचा मोठा भाग काफिरिन या प्रथिनाचा. पाण्यात शिजताना काफिरिनचे रेणू गंधकाच्या बंधांनी एकमेकांत निरगाठीसारखे अडकतात आणि पचनरसांना ती गाठ सहज सुटत नाही. गहू, मका, तांदूळ शिजवल्यावर असा फटका बसत नाही. पेरूमध्ये लहान मुलांवर झालेल्या आणि 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्वारीच्या शिजवलेल्या लापशीतला फक्त 46 टक्के नत्र मुलांच्या शरीरात शोषला गेला. तांदळाचा 66 टक्के आणि गव्हाचा 81 टक्के. भाकरी म्हणजे लापशी नव्हे, पण उकळत्या पाण्यात मळलेलं पीठ आणि तव्याची आच तिथेही आहे.

यावरचा उतारा आफ्रिकेतल्या ज्वारी खाणाऱ्या लोकांनी शोधला, आणि आपल्याकडेही शोधला: शिजवण्याआधी पीठ आंबवायचं. आंबताना लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू पिठाची आम्लता वाढवतात, प्रथिनांची रचना सैल होते आणि नंतर शिजवलं तरी पचनीयतेची घसरण पुष्कळ कमी होते. सुदान आणि दक्षिण आफ्रिकेतल्या आंबवलेल्या लापशांवर हे तपासलं गेलं आहे. आपली ज्वारीची आंबील त्याच कुळातली.

लातूर, धाराशिव, नांदेड भागातल्या माणसाला आंबील म्हटलं की येळवस आठवते. वेळ अमावस्येला आख्खं गाव शेतात जेवायला जातं, लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टीही असते. ताटात ताकातली ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जी. भज्जी म्हणजे ओल्या तुरी, हरभरा, वाल, वाटाणा, पालेभाज्या आणि बेसन एकत्र शिजवून केलेला प्रकार. पोषणशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर आंबवलेलं धान्य, शिजवलेली कडधान्यं आणि ताक अशी तिन्ही गोष्टींची सोय एका ताटात आहे. अडचण एवढीच, की ती वर्षातून एकदा होते. आंबिलीचं पीठ रात्री भिजवून ठेवलं, तर हिवाळ्याच्या सकाळी लसूण-जिऱ्याची गरम आंबील दहा-पंधरा मिनिटांत होते.

दाणाही सुधारता येतो. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था यांनी मिळून 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण आणला. त्यात लोह आणि जस्त तर जास्त आहेच, प्रथिनंही नेहमीच्या दहा टक्क्यांऐवजी बाराच्या जवळ आहेत आणि फायटिक आम्ल कमी आहे.

जोडीचं गणित

प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. त्यांतली नऊ शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. यांतलं एखादं कमी पडलं, तर बाकीची कितीही असोत, शरीरबांधणी त्या एकापाशी अडते. ज्वारीत लायसिन अडतं. प्रौढांना शंभर ग्रॅम प्रथिनात साडेचार ग्रॅम लायसिन हवं, ज्वारीच्या प्रथिनात ते त्याच्या निम्म्याच्या आसपास असतं. तूर, मूग, हरभऱ्यात लायसिन मुबलक, पण मेथिओनिन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल तोकडं. डाळ आणि धान्य एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून काढतात. तीन भाग धान्याला एक भाग डाळ आणि सोबत दूध-दही, असं प्रमाण राष्ट्रीय पोषण संस्था सुचवते.

याची सगळ्यात चोख जुळणी नांदेडच्या जुन्या शहरात सकाळी खाल्ली जाते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादी न्याहारी इथं रुजली: मसुराची खिचडी, खट्टा आणि खिमा. खिमा बाजूला ठेवला, तरी तांदळाच्या जोडीला मसूर आहे. आणि खट्ट्यात चिंचेबरोबर भाजलेले तीळ आहेत. तिळात डाळींना कमी पडणारं मेथिओनिन भरपूर असतं. तिळाची हीच भूमिका धपाट्यात आहे: ज्वारी, बेसन, वरून लावलेले तीळ आणि सोबत दह्याची वाटी. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरातली डाळ-रोटी त्याच हिशेबातली.

सुशीला हा तर खास आपला नाष्टा. भिजवून पिळलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी. नुसते चुरमुरे पोह्यांइतकेच तोकडे, पण वरून घातलेली डाळव्याची पूड आणि शेंगदाणे सगळं चित्र बदलतात. डाळवं भाजलेलंच असल्यानं रोधकांचं काम आधीच झालेलं असतं. मात्र अलीकडे गाड्यांवरच्या सुशीलात पूड नावालाच दिसते.

चौकट : एका ताटातली प्रथिनं (अंदाजे, ग्रॅममध्ये)

पोहे, थोडे शेंगदाणे : 7
सुशीला, दोन मोठे चमचे डाळव्याची पूड आणि शेंगदाणे : 11
मसूर खिचडी, तीळ-शेंगदाण्याचा खट्टा : 15; सोबत उकडलेलं अंडं असेल तर 21-22
दोन धपाटे, वाटीभर दही : 16-17
मुगाच्या डाळीची धिरडी, दही : 17
ज्वारीची भाकरी, गरम पिठलं, शेंगदाण्याची चटणी : 17

अंगातली ऊब

थंडीत अशा नाष्ट्यानं अंगात ऊब येते असं म्हणतात, आणि ती केवळ ताटातल्या वाफेची नसते. अन्न पचवताना, शोषताना आणि त्याचा साठा करताना शरीर काही ऊर्जा खर्च करतं आणि ती उष्णता म्हणून बाहेर पडते. स्निग्ध पदार्थांसाठी हा खर्च त्यांतल्या उष्मांकांच्या तीन टक्क्यांपर्यंत, पिठूळ पदार्थांसाठी पाच ते दहा टक्के आणि प्रथिनांसाठी वीस ते तीस टक्के. जर्मन शरीरशास्त्रज्ञ मॅक्स रुबनर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हा परिणाम मोजून मांडला होता. हुलग्याचं माडगं ‘गरम’ का वाटतं, याच्या उत्तराचा काही भाग इथे आहे. प्रथिनांमुळे पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं. शिकवणीत दहा वाजताच भूक लागणाऱ्या मुलासाठी याचा उपयोग आकड्यांहून मोठा.

प्रथिनं दिवसभरात विभागून खाण्यालाही अर्थ आहे. अमेरिकेत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आठ निरोगी प्रौढांनी तेवढीच प्रथिनं तिन्ही जेवणांत सारखी वाटून खाल्ली, तेव्हा चोवीस तासांतली स्नायूंची बांधणी सुमारे 25 टक्क्यांनी जास्त दिसली. रात्रीच्या ताटात सगळी भर टाकण्यापेक्षा ते चांगलं. आठच माणसांचा हा अभ्यास, तेव्हा तो दिशा दाखवतो एवढंच म्हणावं. उतारवयात स्नायू झिजू लागतात, त्यामुळे नातवाइतकाच हा नाष्टा आजोबांच्याही कामाचा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

मेस चालवणाऱ्यांनी आणि वसतिगृहांनी यातून उचलावं असं फार काही अवघड नाही. पोहे बंद करायचे नाहीत. आठवड्यातले दोन दिवस धपाटे-दही, एक दिवस मुगाची धिरडी, एक दिवस मसूर खिचडी आणि उरलेल्या दिवशी पोहे किंवा सुशीला, पण डाळव्याची पूड हात आखडता न घेता. मुलांच्या पालकांनीही मेस निवडताना जेवणात किती भाज्या असतात हे विचारतात, तसं सकाळी डाळ किती असते हेही विचारावं.